किरिग्वाचा राजा आणि त्याचे दगड

इसवी सन ७३८ च्या मे महिन्याच्या ३ तारखेला मध्य अमेरिकेतल्या एका मांडलिक राजाने आपल्या अधिपतीचे मुंडके उडवले. उडवणारा होता किरिग्वाचा काक तिलिव चान योपात. ज्याचे उडवले तो कोपानचा वाशाक्लाहून उबाह काविल, आपल्या राजघराण्यातला तेरावा राजा. किरिग्वा आज ग्वातेमालात आहे आणि कोपान होंडुरासात. दोहोंमध्ये अंतर जेमतेम पन्नास किलोमीटरचे. दोन्ही नगरे माया लोकांची. आज त्यांच्यामधून जाणारी सरहद्द फार अलीकडची आहे आणि ती आखताना माया माणसाला कोणी विचारलेले नाही.

माया म्हटले की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे काय येते? जंगलात हरवलेली नगरे, गूढ पंचांग, आणि २०१२ साली जग बुडणार म्हणून उठलेली आवई. जग बुडाले नाही; परंतु माया समाज मात्र गूढतेच्या त्या धुक्यात बुडून राहिला. गूढ म्हटले की मग प्रश्न विचारावे लागत नाहीत. कोणी कोणाला राबवले, कोणाचे धान्य कोणाच्या कोठारात गेले, दगड कोणी वाहिले, हे प्रश्न गूढ नाहीत, म्हणून ते बाजूला पडतात. किरिग्वाच्या राजाची कथा मी येथे मांडतो आहे ती याच प्रश्नांसाठी. एक मांडलिक उठतो, वरच्याला खाली खेचतो आणि स्वतः वर बसतो. त्याच्या खाली जे होते त्यांचे पुढे काय झाले, हे पाहण्याची आपल्याला गरज आहे.

आधी या दोन नगरांचे नाते समजून घेतले पाहिजे. कोपानच्या राजघराण्याचा संस्थापक किनिच याश कुक मो हा ४२६ साली गादीवर बसला. त्याच वर्षी त्याच्याच अधिकाराखाली किरिग्वालाही पहिला अधिपती नेमला गेला, असे किरिग्वाचाच एक उत्तरकालीन शिलालेख सांगतो. म्हणजे किरिग्वा जन्मापासून मांडलिक. तीनशे वर्षे ते तसेच राहिले. ७२४ च्या अखेरीस काक तिलिव गादीवर बसला, तोही कोपानच्या वाशाक्लाहूनच्या देखरेखीखाली, त्याच्या संमतीने. ज्याच्या हातून अधिकार मिळाला त्याचीच मान चौदा वर्षांनी त्याने कापली.

कारण काय? शिलालेख कारणे सांगत नाहीत. राजांचे शिलालेख कोठेच कारणे सांगत नाहीत. ते तारखा सांगतात आणि देवांची नावे सांगतात. कारणे भूगोलात शोधावी लागतात. किरिग्वा वसले आहे मोताग्वा नदीच्या पुरकाठी. या नदीच्या खोऱ्यात हिरवा जेड सापडतो. माया जगात सोन्याला जी किंमत नव्हती ती जेडला होती. राजाच्या गळ्यात जेड, कानात जेड, मेल्यावर तोंडातही जेड. वरच्या डोंगराळ मुलखातून काळ्या ज्वालामुखी काचेचा माल उतरायचा तोही याच वाटेने कॅरिबियन किनाऱ्याकडे. या काचेच्या पात्यांवर माया समाजाचे स्वयंपाकघर, शेत आणि रणांगण चालत असे, कारण धातूचे हत्यार त्यांच्याकडे नव्हते. अशा व्यापारी वाटेचे नाके किरिग्वाच्या हाती आणि नाक्यावरची सत्ता कोपानच्या हाती. भांडण येथे आहे.

शिवाय दूरची एक मोठी सत्ता या भांडणात हात घालत होती. त्या काळात तिकाल आणि कालाकमुल या दोन बलाढ्य नगरांचे शतकानुशतके वैर चालले होते. कोपान तिकालच्या बाजूचे. ६९५ साली तिकालने कालाकमुलचा मोठा पराभव केला. त्यानंतर ७३६ साली, म्हणजे कोपानच्या राजाच्या वधाआधी दोनच वर्षे, कालाकमुलच्या राजाशी काक तिलिवचा संबंध आल्याची नोंद किरिग्वाच्या ८०० सालच्या स्तंभावर आहे. शत्रूच्या मांडलिकाला फितवणे हा साम्राज्यांचा जुना धंदा. त्यात मांडलिकाला वाटते की आपण बंड करतो आहोत. वरचा खेळ कोणाचा आहे हे त्याला माहीत असते किंवा नसते. काक तिलिवला ते बहुधा पुरते माहीत होते. तो भोळा माणूस दिसत नाही.

आता ज्याचा वध झाला त्या राजाकडे वळू. वाशाक्लाहून उबाह काविल ६९५ साली गादीवर आला आणि त्रेचाळीस वर्षे राज्य केले. माया शिल्पकलेच्या इतिहासात त्याचे नाव फार मोठे आहे. कोपानच्या महाचौकात आजही उभे असलेले बहुतेक स्तंभ त्याचे. इतर माया नगरांत राजाची आकृती दगडावर उथळ कोरलेली असते. कोपानला ती दगडातून बाहेर येते, जवळजवळ पूर्ण मूर्ती होते. तेथला दगड ज्वालामुखीच्या राखेचा, कोरायला मऊ, म्हणून हे शक्य झाले. प्रत्येक स्तंभावर राजा एका वेगळ्या देवाच्या वेषात उभा आहे. एका स्तंभावर तो मक्याच्या देवाच्या जाळीदार झग्यात आहे; तो झगा पाहून पूर्वीच्या अभ्यासकांनी ती राणी असावी असा तर्क केला होता. ७३१ सालच्या एका स्तंभावर त्याने चार थोर नगरांची नावे एकत्र कोरली: कोपान, तिकाल, कालाकमुल आणि पालेंके. आपले नगर जगाच्या चार खांबांपैकी एक आहे, असा त्याचा दावा. त्या यादीत किरिग्वा नाही.

७३८ च्या जानेवारीत या राजाने कोपानच्या चेंडूच्या पटांगणाची नवी बांधणी पुरी करून त्याचा समारंभ केला. चार महिन्यांत तो संपला. किरिग्वाचे लेख सांगतात की वधाआधी सहा दिवस कोपानच्या देवांच्या मूर्ती जाळण्यात आल्या. या मूर्ती लाकडी असाव्यात आणि लढाईत बरोबर नेल्या असाव्यात. आधी देव जाळायचे, मग राजा मारायचा. यामागचा हिशेब पक्का आहे. राजा देवाच्या जोरावर राजा असतो. तो जोर आधी सर्वांसमक्ष राख करून दाखवला की मग उरतो तो हात बांधलेला म्हातारा माणूस.

या एकाच मृत्यूची दोन वर्णने दगडावर आहेत, आणि ती शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. किरिग्वाच्या लेखात कुऱ्हाडीचे चिन्ह आहे: डोके तोडले. हे त्यांनी पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या स्तंभांवर, अनेक वर्षे कोरले. कोपानने हीच घटना आपल्या भव्य चित्रलिपी-सोपानावर नोंदवली. त्या पायऱ्यांवर दोन हजारांहून अधिक चिन्हे आहेत; माया जगातला हा सर्वांत लांब लेख. तेथे कुऱ्हाड नाही. तेथे राजाचा अंत गारगोटी आणि ढाल यांनी, म्हणजे युद्धात झाला. बंदी होऊन मेला नाही, लढता लढता पडला, असा सूर. एकाला विजय हवा होता, दुसऱ्याला अब्रू हवी होती. यात खोटे कोण बोलते हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. दोन्ही वर्णने राजवाड्यातून निघाली आहेत. त्या दिवशी किरिग्वाच्या चौकात जे शेतकरी उभे असतील, त्यांनी काय पाहिले याची तिसरी नोंद कोठेही नाही.

तो सोपान पुढे कोसळला. १९३० च्या दशकात अमेरिकी संशोधकांनी त्याच्या पायऱ्या पुन्हा रचल्या, तेव्हा तळाकडच्या थोड्या पायऱ्या सोडल्या तर बाकी दगड क्रम न कळता बसवावे लागले. राजघराण्याच्या अब्रूचा तो ग्रंथ आज पाने उलटसुलट झालेल्या पोथीसारखा आहे.

वधानंतर कोपानमध्ये जवळजवळ सतरा वर्षे एकही नवा स्तंभ उभा राहिला नाही. नगर मात्र जळाले नाही, लुटले गेल्याच्या खुणा नाहीत, गादी रिकामी राहिली नाही. उलट किरिग्वात दगड उभे करण्याची धूम सुरू झाली. ७४६ मध्ये एक, ७५१ मध्ये दुसरा, मग ७५६, ७६१, ७६६, ७७१. माया पंचांगात ३६० दिवसांचे एक वर्ष धरून कालगणना चालते. तशी पाच वर्षे भरली की एक स्तंभ, असा नेम काक तिलिवने चालवला. ७७५ मध्ये एकदम दोन. ७८० मध्ये स्तंभाऐवजी एका अजस्र प्राण्याच्या रूपातला शिलाखंड, ज्याच्या जबड्यातून राजा बाहेर येतो आहे. असे हे साठ वर्षांचे राज्य.

७७१ चा स्तंभ हा माया लोकांनी उभारलेला सर्वांत मोठा दगड. लांबी साडेदहा मीटरांहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे पस्तीस फूट, आणि ती एकाच अखंड शिळेची. त्यातला बराच भाग जमिनीत गाडलेला. वजनाचे अंदाज तीस टनांपासून पासष्ट टनांपर्यंत जातात. पुढच्या आणि मागच्या अंगाला राजा उभा आहे. डोक्यावर मुखवट्यांचा आणि पिसांचा उंच मुकुट, हाती राजदंड आणि ढाल, हनुवटीला छोटी दाढी. दोन्ही कडांवरून लेख उतरतो. किरिग्वाचा दगड वालुकाश्म आहे, कोपानच्या दगडापेक्षा कठीण. त्यामुळे आकृती खोल निघत नाही, चेहरा तेवढा पुढे येतो. पण उंची गाठता येते. कोपानशी नाजूकपणात बरोबरी होणार नव्हती, म्हणून उंचीत मात केली. नव्याने वर आलेल्या सत्तेचे हे लक्षण कोठेही ओळखू येते.

काळाच्या बाबतीतही तेच. ७७५ च्या एका स्तंभावर त्याने सध्याच्या सृष्टीच्या आरंभाची तारीख कोरली, जी आपल्या गणनेने इसवी सनापूर्वी ३११४ सालच्या ऑगस्टमध्ये येते. त्या दिवशी देवांनी तीन दगड रचले, असे तो लेख सांगतो. माया घरातली चूलही तीन दगडांचीच असते. म्हणजे रोज सकाळी बाई जी चूल पेटवते, तिच्याच आकाराची ती विश्वाची चूल. इतर दोन स्तंभांवरचे हिशेब तर कोट्यवधी वर्षे मागे जातात. कालपरवापर्यंत दुसऱ्याच्या हाताखाली असलेल्या राजाला एवढा मोठा भूतकाळ का लागावा? ज्याचा आजा मांडलिक होता त्याला देवांपर्यंत वंशावळ न्यावी लागते. राज्य मिळाले की वंशावळ लिहून देणारा मिळतो, हे आपल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

आता दगड वाहणाऱ्यांकडे येऊ. माया लोकांकडे बैल नव्हते, घोडे नव्हते. चाक त्यांना खेळण्यांपुरते माहीत होते. गाडा त्यांनी केला नाही. लोखंड नव्हते. तेव्हा ती पस्तीस फुटी शिळा डोंगरातून दगडाच्याच हत्यारांनी सोडवली गेली, ओंडके आणि दोरखंड यांवर माणसांनी ओढत पुरकाठच्या सपाट जमिनीवर आणली, आणि माणसांनीच उभी केली. मग शिल्पकाराने दगडाने दगड कोरला. हे काम दर पाच वर्षांनी. किरिग्वा हे कोपानच्या मानाने लहान नगर होते. कोपानच्या खोऱ्यात वीस हजारांच्या आसपास वस्ती असावी असा अंदाज आहे. किरिग्वाची त्याहून फारच कमी. म्हणजे दर माणशी दगडाचा भार किरिग्वात कितीतरी अधिक. मका पेरायचा, पूर सोसायचा, राजाला धान्य आणि कोको द्यायचा, आणि पुन्हा पाच वर्षांचा फेरा आला की दोरखंड खांद्यावर घ्यायचा. आपल्या भाषेत याला वेठ म्हणतात.

पासष्ट टन की तीस टन, हा वाद अभ्यासकांना घालू द्या. विसाव्या शतकातला एक प्रसंग पुरेसा आहे. १९१७ साली हा स्तंभ कलून आडवा झाला. १९३४ साली तो यंत्रांनी आणि पोलादी तारांनी पुन्हा उभा करायला घेतला, तेव्हा तारा तुटल्या, स्तंभ पडला आणि दुभंगला. शेवटी सिमेंट-काँक्रीट भरून तो जोडावा लागला. ज्या माणसांनी तो साध्या दोरखंडांनी न तोडता उभा केला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या लेखात नाही.

नाव कोरण्याची प्रथाच नव्हती असे कोणी म्हणेल, तर तेही खरे नाही. पश्चिमेकडच्या उसुमासिंता नदीच्या खोऱ्यातल्या माया नगरांत, विशेषतः पिएद्रास नेग्रासला, शिल्पकारांनी आपल्या सह्या दगडावर केल्या आहेत. ‘याचे कोरीवकाम’ अशा अर्थाचे चिन्ह आणि पुढे नाव. एकाच स्तंभावर आठ जणांच्या सह्या आहेत. परंतु हे शिल्पकार आणि लेखक बहुधा सरदार घराण्यांतले होते. कोपानला सेपुल्तुरास नावाच्या वस्तीत एका लेखकाचा वाडा सापडला आहे. त्याच्या बसण्याचा कोरीव ओटा पाहिला की तो काही गरीब कारागीर नव्हता हे कळते. लेखणी वरच्यांच्या हाती होती, आणि दगड ओढणाऱ्याला आपण ओढलेल्या दगडावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. ते आपण अभिमानाने वाचतो. किरिग्वात असे नाव शोधू नये, मिळणार नाही.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. आपले काही उत्साही मित्र जगातल्या प्रत्येक विषमतेला जात म्हणतात. माया समाजात सरदार होते, सामान्य कुळे होती, युद्धकैदी होते, गुलाम होते. पण स्पर्शाने विटाळणारा, गावकुसाबाहेर बसवलेला, जन्मजन्मांतरीच्या पापाची शिक्षा भोगणारा माणूस तेथे होता असा पुरावा नाही. शोषण होते, त्याची रचना वेगळी होती. दोन्ही एकच मानले तर जातीचे क्रौर्यही कळत नाही आणि मायांचेही.

कोपानच्या तावडीतून सुटल्यावर किरिग्वाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. काक तिलिवने जुने नगर पाडून नवे बांधले आणि ते बांधताना नमुना घेतला कोपानचाच. तसाच महाचौक, तशीच पायऱ्यांची रचना, तसेच चेंडूचे पटांगण. ज्याचे डोके उडवले त्याच्याच चौकाची नक्कल. एवढेच नव्हे, कोपानशी जोडलेली पदवीही तो स्वतःच्या नावापुढे लावू लागला. वरच्याची गादी मोडण्याऐवजी तिच्यावर आपण बसायचे, त्याचा मुकुट आपण घालायचा, त्याच्यासारखे दगड त्याच्याहून उंच करायचे. किरिग्वाच्या जेडचा आणि काळ्या काचेचा जो वाटा पूर्वी कोपानला जात होता तो आता घरी राहिला. पण कोणाच्या घरी? त्याचे झाले स्तंभ. मला तरी या राजाला बंडखोर म्हणवत नाही. मांडलिकाची मुक्ती आणि मांडलिकाच्या कुळांची मुक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि किरिग्वात यांपैकी पहिलीच घडली.

तरीही पहिली घडली हे नाकारू नये. तीनशे वर्षांची अधिसत्ता एका लहान नगराला मोडता आली. कोपानचा राजा देव नाही, त्याची मान तुटते, हे सगळ्या खोऱ्याला दिसले. असे एकदा दिसल्यावर लोक काय विचार करत असतील? कोपानमध्ये पुढच्या काळात राजांना आपल्या सरदारांना अधिक मान द्यावा लागला. सरदारांच्या वाड्यांत कोरीव सिंहासने दिसू लागतात. सोळावा राजा याश पासाह याने ७७६ साली एक चौकोनी दगड कोरवला. त्याच्या चार बाजूंवर सोळा राजे ओळीने बसले आहेत आणि संस्थापक आपल्या हाताने सोळाव्याला राजदंड देतो आहे. साडेतीनशे वर्षांनी मेलेल्या माणसाला राजदंड घेऊन बोलवावे लागते, तेव्हा जिवंतांचा विश्वास उडालेला असतो.

काक तिलिव ७८५ च्या जुलैत मेला. त्याच्या वारसाने त्याच्या स्मरणार्थ प्राण्याच्या आकाराचा मोठा शिलाखंड उभा केला, पुढे आणखी दोन केले. ७९५ चा शेवटला तर कोरीवकामाने इतका भरलेला आहे की बोट ठेवायला जागा नाही. मग वैभव ओसरले. ८१० सालच्या किरिग्वाच्या लेखात एक विलक्षण नोंद आहे: कोपानचा राजा याश पासाह किरिग्वात येऊन विधी करतो. ज्यांच्या आज्यापणज्यांनी एकमेकांच्या माना कापल्या, ते दोन राजे शेवटी एकत्र आले. खालून जमीन सरकू लागली की वरचे एकमेकांना ओळखू लागतात. किरिग्वातली ही शेवटची तारीख. कोपानला ८२२ साली एक शिळा कोरायला घेतली होती. तिची एक बाजू पुरी झाली, दुसरी अर्धवट, बाकी दोन कोऱ्या. शिल्पकार हत्यार ठेवून उठून गेला.

का गेला, याची उत्तरे अनेक दिली जातात: लोकसंख्येचा भार, जंगलतोड, झिजलेली जमीन, अवर्षणे, युद्धे. कोपानच्या शेवटच्या काळातल्या सांगाड्यांवर रक्तक्षयाच्या आणि आजारांच्या खुणा सापडल्या आहेत. राजे पाऊस आणू शकत नव्हते, धान्य आणू शकत नव्हते, आणि दगड मात्र मागत होते. लोक उठून गेले. पुस्तकांतून याला ‘माया संस्कृतीचा अंत’ म्हणतात. हा शब्द मला मान्य नाही. अंत झाला तो राजांचा. शेतकरी, त्यांची भाषा, त्यांचा मका, त्यांची तीन दगडांची चूल, हे सर्व पुढे चालू राहिले.

एक हजार वर्षांनी, १८३९ साली, जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकी प्रवासी चित्रकार कॅथरवुडला घेऊन कोपानला आला. त्याने ते सगळे अवशेष पन्नास डॉलरला विकत घेतले. किरिग्वाचाही सौदा करायचा होता, पण जमीनमालकाने किंमत चढवली आणि ते फिसकटले. मात्र स्टीफन्सला एका गोष्टीचे श्रेय दिले पाहिजे. ही नगरे इजिप्शियनांनी बांधली, फिनिशियनांनी बांधली, हरवलेल्या यहुदी टोळ्यांनी बांधली, असे विद्वान म्हणत असताना त्याने लिहिले की ही येथल्याच लोकांच्या पूर्वजांची कामे आहेत. बाकीच्यांना ते का पटत नव्हते? समोरचा अर्धनग्न मजूर हा या शिल्पांचा वारस आहे हे मान्य केले, तर त्याची जमीन हिसकावणे थोडे कठीण जाते.

थोडेच. १९१० साली युनायटेड फ्रूट या अमेरिकी कंपनीने किरिग्वाभोवतीची जमीन केळीच्या मळ्यांसाठी घेतली. अवशेषांपुरता एक तुकडा राखून ठेवला आणि बाकी जंगल तोडून केळी लावली. मळ्यांवर राबायला जमैकातून कृष्णवर्णीय मजूर आणले गेले. आजही ते स्तंभ केळीच्या मळ्यांच्या मधोमध उभे आहेत. याच कंपनीच्या पडीक जमिनी ग्वातेमालाच्या हाकोबो आरबेन्स सरकारने १९५२ च्या जमीनसुधारणा कायद्याखाली भूमिहीनांना वाटायला घेतल्या, तेव्हा १९५४ साली अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने ते सरकार उलथवले. त्यानंतर आलेल्या राजवटींविरुद्ध १९६० पासून १९९६ पर्यंत यादवी चालली. तीत दोन लाखांवर माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली. सत्यशोधन आयोगाच्या १९९९ च्या अहवालानुसार ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. त्याच ग्वातेमालाच्या दहा सेंताव्होच्या नाण्यावर किरिग्वाचा कोरीव दगड छापलेला आहे. मेलेला माया नाण्यावर, जिवंत माया खंदकात.

या दगडांवरची लिपी वाचता येत नव्हती, तीही काही निसर्गाची करणी नव्हे. १५६२ साली युकातानमधल्या मानी गावी दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया ग्रंथांची होळी केली. सैतानाच्या खोट्या गोष्टींशिवाय त्यांत काही नाही, असे त्याचे मत. आज उभ्या जगात चारच माया पोथ्या उरल्या आहेत. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बडे पंडित सांगत राहिले की दगडांवर नुसते पंचांग आहे, इतिहास नाही. माया हे ग्रहताऱ्यांत रमलेले शांत पुरोहित होते. १९५२ साली लेनिनग्राडच्या यूरी क्नोरोझोव्हने ही लिपी उच्चारांची आहे हे दाखवले. १९६० साली तात्याना प्रोस्कुरियाकोव्हाने पिएद्रास नेग्रासच्या स्तंभांवर राजांचे जन्म, राज्यारोहण आणि मृत्यू आहेत हे सिद्ध केले, आणि १९६२ मध्ये डेव्हिड केली याने किरिग्वाच्या राजांची परंपरा मांडली. तेव्हा कोठे काक तिलिव पंचांगातून बाहेर पडून माणूस झाला. शांत पुरोहितांच्या हातात कुऱ्हाड निघाली, हे फार बरे झाले. देव केलेल्या लोकांनाही आपला इतिहास नसतो.

लिपी उलगडल्यावर आणखी एक गोष्ट पुढे आली. या शिलालेखांच्या भाषेला आजच्या माया भाषांपैकी सर्वांत जवळची भाषा चोर्ती. राजाच्या नावातला ‘काक’ म्हणजे आग. चोर्ती माणूस आजही आगीला जवळजवळ याच शब्दाने ओळखतो. दगडाला लेखांत ‘तून’ म्हणतात, चोर्तीतही ‘तून’. आणि हे चोर्ती कोण? कोपानच्या आसपासच्या डोंगरांत राहणारे भूमिहीन किंवा तुटपुंज्या जमिनीवरचे शेतकरी, मोठ्या जमीनदारांच्या तंबाखूच्या, कॉफीच्या मळ्यांवर आणि कुरणांवर राबणारे मजूर. त्यांच्या पूर्वजांचे चौक पाहायला जगभरचे प्रवासी तिकीट काढून येतात. कोपान १९८० पासून आणि किरिग्वा १९८१ पासून जागतिक वारसा आहे. वारशाच्या वारसांना जमीन मात्र नाही.

१९९० च्या दशकात होंडुरासच्या चोर्तींनी संघटना केली आणि जमीन मागितली. १९९७ च्या एप्रिलमध्ये त्यांचा नेता कांदिदो आमादोर याचा खून झाला. त्यानंतर चोर्ती राजधानी तेगुसिगाल्पाला चालत गेले आणि सरकारकडून जमिनीचे वचन घेऊन परतले. वचन पाळले जात नाही असे दिसल्यावर १९९८ साली त्यांनी कोपानचे अवशेषच ताब्यात घेतले, दरवाजा अडवला. बायका, पोरे, म्हातारे, सगळे रस्त्यावर बसले. प्रवासी परत गेले, हॉटेलवाले संतापले, आणि ज्या चौकात वाशाक्लाहूनचे स्तंभ उभे आहेत तो काही दिवस रिकामा राहिला. पुढेही त्यांनी तो दरवाजा अडवला, पोलिसांनी त्यांना हुसकावले, आणि ते पुन्हा आले. जमिनीचे काही तुकडे मिळाले, पुष्कळ मिळायचे राहिले.